डोंगर, सूर्य, नदी, झोपडी : प्राथमिक शाळेतील चित्रकलेच्या तासाविषयी

१

महाराष्ट्रातल्या कोणत्याही प्राथमिक शाळेत तिसरी-चौथीच्या मुलाला 'निसर्गचित्र काढ' असे सांगून पाहावे. कागदावर काय उमटेल हे आधीच सांगता येते. दोन किंवा तीन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या खाचेतून वर येणारा अर्धा सूर्य, त्याचे पट्टीने आखलेले किरण, खाली उतरत येणारी निळी नदी, काठाला एक झोपडी, तिच्या शेजारी नारळाचे झाड आणि आभाळात सपाट 'म' काढावा तशा चार पक्ष्यांच्या खुणा. विदर्भात हेच चित्र, मराठवाड्यात हेच आणि कोकणातही हेच. मुलाने समुद्र पाहिला आहे की नाही, त्याच्या गावाला नदी आहे की नाही, या गोष्टींचा या चित्राशी काही संबंध नसतो.

या चित्राला आपण हसतो, आणि हसून विषय सोडून देतो. माझे म्हणणे असे की ते हसण्यावारी नेण्याजोगे नाही. हे चित्र मुलाच्या अपुऱ्या कुवतीचा पुरावा म्हणून पाहिले जाते; वास्तविक तो आपल्या शिकवण्याचा पुरावा आहे. हे चित्र मुलाने शोधून काढलेले नाही, त्याला ते दिले गेले आहे. फळ्यावरून, 'चित्र कसे काढावे' छापाच्या पुस्तकातून, थोरल्या भावंडाच्या वहीतून ते त्याच्यापर्यंत पोचले आहे. त्याने ते मुकाट्याने स्वीकारले आहे, कारण याच चित्राला 'छान' असा शेरा मिळतो हे त्याने पहिलीतच ओळखले आहे.

हा विषय चित्रकलेच्या शिक्षकांचा आहे, साहित्याच्या अभ्यासकांनी त्यात का पडावे, असा प्रश्न येथे उपस्थित होईल. त्याचे उत्तर सोपे आहे. हे डोंगर-सूर्याचे चित्र आणि दहावीच्या उत्तरपत्रिकेतले 'मी नदी बोलते आहे' हे आत्मवृत्त ही सख्खी भावंडे आहेत. दोन्हींत न पाहिलेल्या गोष्टीविषयी, न वाटलेले काहीतरी, ठरलेल्या क्रमाने मांडायचे असते. आपल्या पदव्युत्तर वर्गातला विद्यार्थी कविता न वाचता तिच्यातील 'प्रतिमासृष्टी'वर तीन पाने लिहितो, तेव्हा आपण त्याच्या आळसाला दोष देतो. पण स्वतः न पाहता मांडण्याचे शिक्षण त्याला वयाच्या सहाव्या वर्षापासून मिळत आलेले आहे. लिहिता येण्याच्या आधी मूल रेघ ओढते. तेव्हा पहिली नक्कल तेथे होते. निबंधाची पाळी फार उशिरा येते.

२

हे सारे एखाद्या ठिकाणावर उभे राहून पाहिलेले बरे. पनवेल तालुक्यातले ओवे घेऊ. खारघर आणि तळोजे यांच्यामधल्या पट्ट्यातले हे गाव. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि नवी मुंबईच्या आराखड्यात इकडच्या गावांची भातशेती, मिठागरे, खाजणे ओढली गेली. ओवे आज पनवेल महानगरपालिकेत आहे. ती महापालिका २०१६ च्या ऑक्टोबरात अस्तित्वात आली. बेलापूर ते पेंधर ही मेट्रो नोव्हेंबर २०२३ मध्ये याच पट्ट्यातून धावू लागली. गावठाणाच्या भोवती मनोरे उभे आहेत. 'साडेबारा टक्के' हा शब्द येथल्या पोरांना पाढ्यांच्या आधी कानावर पडतो.

या गावातल्या सात वर्षांच्या मुलीच्या डोळ्यांसमोर काय काय असते, याचा विचार करावा. पश्चिमेच्या अंगाला खारघरचा डोंगर आहे. पावसाळ्यात त्याच्यावरून पाणी कोसळते, आणि संध्याकाळी सूर्य त्याच्यामागे जातो. पूर्वेला दूरवर माथेरान आणि प्रबळगडाची रांग दिसते. माथेरानचा माथा मेजासारखा सपाट आहे. दक्षिणेकडे कर्नाळ्याचा सुळका अंगठा उभा करावा तसा वर निघालेला आहे. सह्याद्रीचा खडक लाव्हाच्या थरांचा. म्हणून आपले डोंगर पायऱ्या-पायऱ्यांचे, सपाट माथ्यांचे, कातळकड्यांचे असतात. सरळ बाजूंचा, टोकदार, एकासारखा एक त्रिकोणी डोंगर या मुलीला तिच्या क्षितिजावर कोठेही दिसणार नाही. तरीही ती तोच काढणार. झोपडीला धुराडेही काढील कदाचित, जे कोकणातल्या कोणत्याच कौलारू घराला कधी नव्हते.

बरे, हे क्षितिजही स्थिर नाही. नवी मुंबईच्या विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापून सपाट करण्यात आली, उलवे नदीचे पात्र वळवण्यात आले, गावे उठवून दुसरीकडे वसवण्यात आली. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्या विमानतळाचे उद्घाटन झाले. म्हणजे एक खरा डोंगर आणि एक खरी नदी पनवेल तालुक्यातल्या मुलांच्या देखत जागेवरून नाहीशी होत होती. त्या वर्षांत तालुक्यातील हजारो वह्यांत दोन त्रिकोण आणि एक निळी नदी निमूटपणे रंगवली जात असणार. सुरुंग, डंपर, धूळ, अर्धा कापलेला डोंगर, सामानाने भरलेला टेंपो यांतले काही त्या वह्यांत आले असते, तर आज आपल्याजवळ एक असा दस्तऐवज असता जो कोणत्याही प्रकल्प-अहवालात सापडणार नाही. तो नाही, कारण 'निसर्गचित्र' या शब्दाचा अर्थ आपण आधीच ठरवून दिला होता.

पणाला लागलेली गोष्ट ही आहे. सुबक चित्र येणे न येणे ही गौण बाब आहे. आपल्या डोळ्यांना दिसलेले कागदावर मांडण्याच्या लायकीचे आहे, हा विश्वास मुलाच्या ठायी राहतो की जातो, हा खरा मुद्दा आहे.

३

'वयानुरूप' हा शब्द आपल्या शिक्षणव्यवहारात मोठ्या सढळपणे वापरला जातो. चित्रकलेपुरता त्याचा प्रचलित अर्थ काय? तर मोठ्यांच्या चित्रकलेचे तुकडे करून सोपे तुकडे लहानांना आणि अवघड तुकडे थोरांना द्यायचे. पहिलीत पतंग, फुगा आणि केळे, दुसरीत आंबा आणि फुलपाखरू, तिसरीत झोपडी, चौथीत फुलदाणी. आणि या सगळ्यांच्या आधी छापील बाह्यरेषेत, रेषेबाहेर न जाता, रंग भरणे. या क्रमाच्या मुळाशी एक गृहीत आहे: मूल म्हणजे अपुरा प्रौढ, आणि त्याचे चित्र म्हणजे बिघडलेले प्रौढ चित्र.

हे गृहीत आले कोठून, हेही पाहण्यासारखे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमध्ये हेन्री कोल आणि रिचर्ड रेडग्रेव्ह यांनी साउथ केन्सिंग्टनहून चित्रशिक्षणाचा एक वीसहून अधिक पायऱ्यांचा क्रम चालू केला. आधी सपाट नमुन्यावरून बाह्यरेषा, मग छायांकन, मग घनवस्तू, आणि बऱ्याच पायऱ्या ओलांडल्यावर मानवाकृती. कारखान्यांसाठी चांगले आरेखक आणि कारागीर हवेत, त्यांचा 'हात आणि डोळा' तयार हवा, हा त्याचा उघड हेतू होता. मुंबईत १८५७ साली सुरू झालेल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या द्वारे हाच विचार आपल्याकडे आला, आणि चित्रकलेच्या ग्रेड परीक्षांच्या रूपाने तो शाळाशाळांत पोचला. कारागीर घडवण्यासाठी आखलेला क्रम सहा वर्षांच्या मुलाच्या वहीत उतरला, तो अजून उतरलेलाच आहे. इंग्रज गेल्याला पाऊणशे वर्षे उलटली. वसाहतवादाच्या नावाने आपण साहित्यसमीक्षेत रान उठवतो. फुलदाणीच्या दोन्ही बाजू सारख्या आल्या पाहिजेत या आग्रहाकडे मात्र आपले लक्ष जात नाही.

मुलांची चित्रे ही बिघडलेली प्रौढ चित्रे नसतात, त्यांची स्वतःची घडण असते, ही गोष्ट काही नवी नाही. व्हिएन्नात फ्रान्झ चिझेक याने १८९७ पासून मुलांचे चित्रवर्ग घेतले आणि त्यांत नमुना द्यायचे नाकारले. फ्रेंच अभ्यासक ल्युके याने १९२७ च्या आपल्या ग्रंथात दाखवले की मूल दिसते ते काढीत नाही, ठाऊक असते ते काढते. ऱ्होडा केलॉग हिने लक्षावधी बालचित्रे गोळा करून रेघोट्यांचेच वीस मूलभूत प्रकार नोंदवले. व्हिक्टर लोवेनफेल्ड याने १९४७ साली 'क्रिएटिव्ह अँड मेंटल ग्रोथ' या पुस्तकात या वाढीच्या अवस्था सांगितल्या. साधारण दोन ते चार ही रेघोट्यांची अवस्था. चार ते सात या वयात डोक्यालाच हातपाय फुटलेली माणसे येतात. सात ते नऊ या काळात मूल माणूस, घर, झाड यांचे स्वतःचे ठरावीक आकार घडवते आणि कागदाच्या तळाशी जमिनीची रेघ मारून त्यांना तिच्यावर उभे करते. नऊ ते बाराच्या दरम्यान त्याला वास्तवाची जाण येऊ लागते. या वयोमर्यादा लोखंडी नाहीत. मूल दोन अवस्थांमध्ये येजा करते, आणि समाजपरत्वे फरक पडतो. पण क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे.

आता या अवस्थांकडे आपल्या वर्गातून पाहा. सात वर्षांची मुलगी घर काढते आणि भिंतीतून आतली चूल, आजी, मांजर, टीव्ही सगळे दाखवते. आपण सांगतो, 'भिंतीतून आतले कसे दिसेल? खोड ते.' ती रस्ता काढते आणि दोन्ही बाजूंची झाडे रस्त्याच्या दोन्ही कडांना आडवी पाडते. आपण सांगतो, 'झाडे झोपली का?' ती आईला घरापेक्षा मोठी काढते; आपण प्रमाण शिकवतो. या तिन्ही ठिकाणी मुलीने एक एक प्रश्न सोडवलेला असतो. आत आणि बाहेर एकाच पानावर कसे मांडावे, दोन्ही बाजू सारख्या महत्त्वाच्या असतील तर कोणतीही न झाकता त्या कशा दाखवाव्यात, आणि महत्त्व आकाराने कसे सांगावे, हे ते प्रश्न. पहाडी लघुचित्रात तळे वरून दिसते आणि काठावरची माणसे समोरून. अजिंठ्याच्या भिंतीवर एकाच कथेतले निरनिराळे प्रसंग सलग एकाच पटावर येतात. पिंगुळीच्या चित्रकथी परंपरेतले राक्षस आणि राजे प्रमाणशास्त्राला विचारून उभे राहिलेले नाहीत. एकाच बिंदूतून जग पाहण्याची पद्धत पंधराव्या शतकातल्या फ्लॉरेन्समध्ये घडली. १४३५ मध्ये आल्बर्तीने ती ग्रंथबद्ध केली. ती एक थोर पद्धत आहे, पण अनेकांतली एक. तिच्या मापाने सात वर्षांच्या मुलीला नापास करायचे तर त्या लघुचित्रकारालाही नापास करावे लागेल.

साहित्याच्या विद्यार्थ्याला हे निराळे सांगण्याची गरज नाही. निवेदनाचा दृष्टिकोन एकच असला पाहिजे, काळ सरळ रेषेत चालला पाहिजे, असा हट्ट आपण कादंबरीकडे धरीत नाही. मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल या लयीच्या तत्त्वांनी कलाकृतीची घडण उलगडायचा यत्न केला. त्यांच्या सिद्धांताशी आपले कितीही मतभेद असोत, पण त्या डोळ्यांनी लहान मुलाचे अस्पर्शित चित्र जरूर पाहावे. एका कोपऱ्यात मोठा काळा ढग आला की दुसऱ्या कोपऱ्यात काहीतरी वजनदार आल्याशिवाय मूल कागद सोडत नाही. ही जाण त्याला कोणी शिकवलेली नसते; आपण मात्र ती शिकवून घालवतो.

४

येथवर वाचून कोणी म्हणेल की मग मुलांना मोकळे सोडावे, कागद-रंग द्यावेत आणि शिक्षकाने खुर्चीत बसावे. या दुसऱ्या टोकाचाही समाचार घेतला पाहिजे, कारण हल्ली सुशिक्षित मध्यमवर्गात त्याचे प्रस्थ आहे. 'मुक्त अभिव्यक्ती' हा शब्द उच्चारला की जबाबदारी संपते, असे मानणारा एक वर्ग तयार झालेला आहे.

मूल एकट्याने, पोकळीत, आतूनच सारे घडवते ही समजूत भाबडी आहे. अमेरिकेतील ब्रेंट आणि मार्जरी विल्सन यांनी १९७७ साली दाखवून दिले की मुले आकार उचलतात: एकमेकांकडून, कॉमिक्समधून, पडद्यावरून. हे आपल्यालाही दिसते. वर्गातल्या एका मुलाला रेल्वेचे इंजिन चांगले काढता येऊ लागले की महिन्याभरात दहा जणांच्या वहीत इंजिने धावू लागतात. असे उचलणे वाईट नाही. भाषा आपण अशीच शिकतो. जात्यावर ओव्या रचणारी बाई जुने चरण उचलूनच नवी ओवी बांधत आली. ज्याला गरज आहे तो उचलतो, आपल्या कामासाठी वळवतो, आणि त्याचे इंजिन दुसऱ्यासारखे राहत नाही. फळ्यावरचे एक चित्र चाळीस मुलांनी, एकाच तासाला, एकाच रंगात उतरवणे यात यांपैकी काहीच घडत नाही. तेथे उचलणारा कोणी नाही, फक्त वाटणारा आहे.

माझा मुख्य आक्षेप म्हणून असा आहे. आपण शिकवतो म्हणून बिघडत नाही. चुकीच्या वेळी शिकवतो म्हणून बिघडते. सहा-सात वर्षांचे मूल आपली आकारभाषा घडवण्यात गर्क असते, तेव्हा आपण त्याच्यावर तयार आकार लादतो. नऊ-दहाव्या वर्षी तेच मूल स्वतःच्या चित्राकडे टीकाकाराच्या नजरेने पाहू लागते. हात खोडरबराकडे वळतो, 'मला चित्र येत नाही' हे वाक्य पहिल्यांदा ऐकू येते. या क्षणी त्याला खरोखर मदत हवी असते. पुढची वस्तू मागच्या वस्तूला कशी झाकते, कोपर कोठे वाकते, उजेड कोणत्या बाजूने येतो, दूरचा डोंगर फिकट का दिसतो, हे कोणीतरी शेजारी बसून दाखवायला हवे असते. नेमके तेव्हा आपण काय करतो? त्याला सांगतो की चित्रकला काही मुलांच्या हातातच असते. ज्यांच्या हातात ती आहे असे ठरते त्यांना स्पर्धेला आणि पुढे ग्रेड परीक्षेला पाठवतो, बाकीच्यांचा तास गणिताला देतो. शिकवू नये तेव्हा शिकवणे आणि शिकवावे तेव्हा निवड करणे, हा आपला प्राथमिक चित्रकलेचा एकूण व्यवहार आहे.

ग्रेड परीक्षांबद्दल एक शब्द. त्यांनी काहीच केले नाही असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. खेड्यापाड्यांतल्या असंख्य मुलांना चित्रकलेचा पहिला प्रमाणित कागद या परीक्षांनी दिला. वस्तुचित्र आणि अक्षरलेखन यांची शिस्त लावली. पण त्यांतला 'स्मरणचित्र' हा विषय पाहा. नावाप्रमाणे मुलाने आठवून काढायचे चित्र. प्रत्यक्षात बाजार, बसथांबा, बाग, होळी अशा विषयांच्या तयार रचना बाजारात मिळतात, क्लासमध्ये घोटवून घेतल्या जातात, आणि परीक्षेच्या दिवशी मूल आठवते ते ती रचना. बाजार त्याला आठवत नाहीच. स्मरणचित्रातून स्मरणच हद्दपार झाले आहे, आणि दहावीच्या निकालात या श्रेणीला सवलतीचे गुण मिळू लागल्यापासून त्याविषयी तक्रार करणारा पालकही उरलेला नाही. या परीक्षा माध्यमिक वर्गांसाठी आहेत हे खरे; पण त्यांची सावली खाली पडते. तिसरीतल्या मुलाच्या क्लासची जाहिरात त्याच परीक्षेच्या नावाने होते.

५

दोष शिक्षकांचा आहे काय? प्राथमिक शिक्षकावर हे खापर फोडणे सोपे आहे आणि अन्यायाचेही. शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या परिशिष्टात कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे, पण ती सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी, आणि तीही पटसंख्या शंभराच्या वर असेल तेथे. पहिली ते पाचवीला अशी तरतूदच नाही. म्हणजे ज्या वयात चित्र ही मुलाची प्रमुख भाषा असते त्या वयासाठी कायद्याला या विषयाचा जाणकार आवश्यक वाटला नाही. मराठी, गणित, परिसर, जनगणना, निवडणूक आणि पोषण आहार सांभाळणाऱ्या वर्गशिक्षकाने शुक्रवारी शेवटच्या तासाला फळ्यावर आंबा काढला, तर त्याला काय बोलावे? बालभारतीचे 'खेळू, करू, शिकू' कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षण एकत्र बांधते. हेतू चांगला आहे, पण तीन विषयांची मोट बांधली की सर्वांत आधी सुटतो तो ज्याला मूल्यमापनात दमदार जागा नाही असा विषय.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने कला-समाकलनाचा पुरस्कार केला. कागदावर हे स्वागतार्ह आहे. अनुभव असा की समाकलनाच्या नावाखाली कला इतर विषयांची मोलकरीण होते. पाणी वाचवा, झाडे लावा, स्वच्छता राखा असे घोषवाक्य दिले जाते आणि मुलाने त्याचे पोस्टर करायचे. यात मूल काय पाहते हा प्रश्न येतच नाही. त्याने काय मानावे ते आधीच ठरलेले असते. घोषवाक्याचे चित्र आणि बोधकथेचे तात्पर्य ही एकाच जातीची वाढ आहे, आणि बालसाहित्यातल्या तात्पर्यांविरुद्ध आपण पुष्कळ लिहिले आहे.

वारलीचे काय झाले ते या संदर्भात बोलके आहे. डहाणू-जव्हार भागात लग्नाच्या वेळी सुवासिनी घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहीत. त्यात पालघट देवी असे. हे लिहिणे विधीचा भाग होता. सत्तरच्या दशकात जिव्या सोमा मशे यांनी विधीबाहेर, कागदावर आणि कापडावर, स्वतःच्या निरीक्षणाचे अफाट जग उभे केले. कोळ्याचे जाळे घ्या, मुंग्यांचे वारूळ घ्या, शेकडो हालचाली त्यांनी टिपल्या. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. आणि शाळेत वारली म्हणजे काय? दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडा, वर गोल काढा, चार काड्या लावा, झाला माणूस. डोंगराचे दोन त्रिकोण गेले आणि माणसाचे दोन आले, इतकाच फरक. ज्या कलावंताने पाहण्याचा धडा दिला, त्याच्या नावावर न पाहण्याची आणखी एक युक्ती आपण खपवली.

६

आपल्याकडे दुसरी वाट झालीच नाही असे मात्र नाही. १९३७ च्या वर्धा परिषदेतून नयी तालीम उभी राहिली. शांतिनिकेतनात शिकलेले देवी प्रसाद १९४४ पासून १९६२ पर्यंत सेवाग्रामला कलाशिक्षक होते. मुलांच्या चित्रांकडे त्यांनी अठरा वर्षे बारकाईने पाहिले आणि कला हा शिक्षणाचा पाया आहे, शेवटचा तास नव्हे, हे प्रतिपादन आपल्या ग्रंथांतून केले. हा प्रयोग परदेशातल्या संपन्न शाळेत झालेला नाही. आपल्या विदर्भात, गरीब आश्रमात, माती, गेरू आणि साध्या कागदावर झाला. मराठी शिक्षणविचारात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांची नावे आदराने घेतली जातात, आणि ते योग्यच आहे. देवी प्रसादांचे नाव मराठीच्या प्राध्यापकालाही सहसा ठाऊक नसते, हे मात्र आपल्याला शोभत नाही.

साधनांची सबब म्हणून टिकत नाही. मग करावे काय? पहिली-दुसरीत नमुना देऊ नये, छापील बाह्यरेषा देऊ नये. मोठा कागद द्यावा, तो नसेल तर वर्तमानपत्र, फरशी आणि खडू. विषय मुलाच्या अंगावरून गेलेला असावा: पावसात शाळेला येताना, घरी गणपती आणताना, पागोळ्यांखाली, भातलावणीत, लिफ्टमध्ये पहिल्यांदा. चित्र झाल्यावर 'हे काय आहे?' असे न विचारता 'काय चाललंय ते सांग बघू' असे विचारावे, आणि मूल सांगेल ते त्याच्याच शब्दांत मागे लिहून ठेवावे. लेखनाचा पहिला धडा येथेच होतो.

तिसरी-चौथीत प्रश्न विचारून आठवण धारदार करावी. छत्री कोणत्या हातात होती? दप्तर भिजू नये म्हणून काय केलेस? आजी सूप कसे धरते? बस चुकली तेव्हा बाबा कसे उभे होते? अशा चार प्रश्नांनी काड्यांच्या माणसाला कोपर, गुडघे आणि पाठीचा बाक मिळतो. शिक्षकाने एकही रेघ ओढलेली नसते. पाचवीच्या सुमारास मात्र खरोखर शिकवावे. एक पान, एक चप्पल, एक कंदील अर्धा तास पाहून काढणे, खिडकीच्या चौकटीतून दिसणारा डोंगर जसा आहे तसा उतरवणे, छायाप्रकाश पाहणे. आणि त्यासोबत निरनिराळ्या चित्रपरंपरा दाखवाव्यात, म्हणजे 'खरे दिसणे' हा एकच मार्ग नाही हे कळून ज्याचा हात तितका वळत नाही असे मूलही कागद सोडणार नाही.

यावर एक आक्षेप येईल: चाळीस-पन्नासांच्या वर्गात हे जमायचे कसे? मान्य आहे, अवघड आहे. पण नमुना न देण्याला पैसा लागत नाही, वेळही लागत नाही. फळ्यावर आंबा काढण्यापेक्षा पागोळ्यांविषयी दोन प्रश्न विचारायला कमीच वेळ लागतो. अवघड जाते ते चाळीस वेगवेगळी, वेडीवाकडी चित्रे भिंतीवर लावून तपासणीस आलेल्या अधिकाऱ्यासमोर आणि पालकांसमोर ठाम उभे राहणे. तेथे शिक्षकाला पाठबळ हवे आहे, आणि ते त्याला मुलाची भाषा वाचू शकणाऱ्यांनीच द्यायला हवे.

आपण संहिता वाचणारे लोक आहोत. भिंतीतून दिसणारी चूल ही चूक की रचना, हे ओळखण्याचे शिक्षण आपल्याला मिळालेले आहे. नागावसारख्या रायगड जिल्ह्यातल्या गावात जन्मलेल्या प्रभाकर बरव्यांचा 'कोरा कॅनव्हास' आपण अभ्यासमंडळांत वाचतो, त्यावर चर्चासत्रे घेतो. मग पहिलीतल्या कोऱ्या कागदावर कोण काय लादतो आहे, याकडे दुर्लक्ष करण्याचा आपल्याला अधिकार नाही. अध्यापक पदविकेच्या विद्यार्थ्यांना भाषा शिकवणारे आपल्यातलेच आहेत. पाठ्यपुस्तकांच्या भाषासमित्यांवर बसणारेही आपल्यातलेच. त्यांनी दोन मागण्या लावून धराव्यात. पहिली ते पाचवीसाठी कलाशिक्षकाची तरतूद कायद्यात व्हावी, आणि प्राथमिक वर्गांतून फळ्यावरचे उतरवून घ्यायचे चित्र हद्दपार व्हावे. पहिलीला वर्षे लागतील. दुसरी येत्या जूनपासून, ओव्यात किंवा अन्यत्र, कोणत्याही शिक्षकाला एकट्याने अमलात आणता येईल.